एकेरी

"अगं मुंगे! तू?"

रिकाम्या प्लॉटवर, वाळलेल्या गवतात, भर सकाळी हे शब्द उच्चारले गेले तेव्हा त्याला आधी वाटलं, हा माणूस खरोखरच्या मुंगीशी बोलतोय. कंत्राटदार खाली वाकला होता, आखणीच्या दोरीचं टोक दगडाखाली दाबत होता. मग दिसलं की कंत्राटदाराची नजर जमिनीवर नाही, कुंपणापाशी उभ्या असलेल्या आपल्या बायकोवर आहे. आणि बायको हसतेय. हसतेय म्हणजे कशी, तर दोन्ही हात सोडून. छातीशी धरलेली पर्स गवतात पडली तरी तिला पत्ता नाही. "अरे दांड्या! तू कधीपासून घरं बांधायला लागलास?" मग दोघांनी मिळून त्याला समजावून सांगितलं, एकाचं वाक्य दुसऱ्यानं पुरं करत. शाळेत एका वर्गात होते. ती बुटकी आणि सारखी इकडून तिकडे, म्हणून मुंगी. हा निम्म्या तासांना दांडी मारायचा, म्हणून दांड्या. तो 'अच्छा, अच्छा' म्हणत राहिला. पर्स त्यानंच उचलली, गवताची कुसळं झटकली आणि स्वतःच्या काखेत धरली. घर बांधण्यासाठी पाहिलेला हा तिसरा कंत्राटदार. पहिला फोनच उचलत नव्हता, दुसऱ्याला घरात हो-साहेब असं नाव पडलं होतं, आणि तिसरा हा असा निघाला. दांड्या त्याच्याकडे वळला तेव्हा एकदम सरळ झाला, हात मागे घेतले आणि म्हणाला, "बोला साहेब, कसं घर हवंय तुम्हाला?" प्रश्नात काही वाईट नव्हतं. उंची, दिशा, पाणी कुठून येणार, सगळं त्यानं नीट विचारलं. शेवटी म्हणाला, "आतल्या भिंती एकेरी ठेवायच्या की दुहेरी? एकेरी म्हणजे एका विटेची. जागा वाचते. फक्त एवढंच की या खोलीतलं बोलणं त्या खोलीत ऐकू येतं."

"येऊ दे की," बायको म्हणाली. "आमच्याकडे ऐकण्यासारखं असतंच काय!"

दोघं पुन्हा हसले. तोही हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं की आपण ज्याच्यावर हसतोय तो माणूस आपणच आहोत, आणि मग तोंड कसं मिटावं ते त्याला कळेना.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीपाशी बसून बोलत होती. भूमितीच्या तासाला दांड्या मागच्या भिंतीवरून उडी टाकायचा आणि ती पहाऱ्याला उभी राहायची. मास्तर दिसले की खोकायची. "खोकायचीस?" त्यानं विचारलं. "मग काय, हाक मारणार? हळूच खोकायचं. त्याला बरोब्बर कळायचं." तो समोरच्या सीटच्या फाटलेल्या रेक्झिनकडे बघत बसला. ते खोकणं त्याला माहीत होतं. पाहुण्यांत तो नको ते बोलायला लागला, आपल्या साहेबाची नक्कल करायला लागला किंवा पाहुण्याच्याच जावयाबद्दल काही काढायला लागला, की ती असंच हळूच खोकायची आणि तो वाक्य गिळून टाकायचा. घरी आल्यावर दोघं त्यावर हसायचे. संसारात दोघांनी मिळून तयार केलेल्या ज्या मोजक्या गोष्टी होत्या, त्यांत ते खोकणं त्यानं धरलेलं होतं. आता कळलं की ती वस्तू माहेरून आलेली होती. आधी वापरलेली. दुसऱ्यासाठी शिकलेली. बस वळणावर कलली आणि बायकोचा खांदा त्याच्या खांद्यावर आला. त्यानं तो टाळला नाही, पण आपला खांदा तिथं ठेवल्यासारखाही ठेवला नाही.

भाड्याच्या दोन खोल्यांत परत आल्यावर तिनं चहाचं आधण ठेवलं आणि आतूनच म्हणाली, "अहो, दांड्यालाच देऊन टाकू या का काम?" एका वाक्यात दोघांची नावं. त्याचं 'अहो' आणि त्याचं 'दांड्या'. खरं तर नाव एकच. अहो हे काही नाव नव्हे. तो म्हणाला, "बघू. चौकशी करावी लागेल. ओळखीचा म्हणून गळ्यात गळा घालून चालत नाही." "करा ना चौकशी," ती म्हणाली, "तुम्ही एकदा पारखलंत की मला घोर नाही." पारखणं हा त्याचा धंदाच होता. वजनमापे खात्यात तो निरीक्षक होता. दुकानात शिरायचं, गिऱ्हाइकासारखं उभं राहायचं, मग खिशातून पितळेचं सरकारी वजन काढून पारड्यात ठेवायचं. ते छोटं वजन सुट्टीच्या दिवशीही त्याच्या खिशात असायचं. हाताला चाळा म्हणून. बोलताना तो ते मुठीत फिरवायचा, दारावर टकटक करायलाही वापरायचा. तराजू खोटा करायच्या शंभर तऱ्हा, पण दुकानदारांच्या बोलीत सगळ्यांना मिळून शब्द एकच, दांडी मारणे. आयुष्यभर त्यानं दांडी मारणारे पकडले होते, आणि आता ज्याचं नावच दांड्या त्याच्या हातात आपलं घर द्यायचं! हा विनोद त्याला सुचला तेव्हा तो स्वतःवर खूश झाला. कुणाला तरी सांगावासा वाटला. सांगण्यासारखं माणूस एकच होतं, आणि तिला तो सांगता येण्यासारखा नव्हता.

त्या रात्री नव्हे, पण त्यानंतरचे सगळे दिवस त्याला 'अहो' ऐकू येऊ लागलं. आधी ते ऐकूच येत नसे, घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही तसं. अहो, नळ बंद करा. अहो, जिन्यात कोण आहे बघा. लग्न झालं तेव्हा घरात त्याची आई होती, आत्या होती; त्यांच्यादेखत नवऱ्याला अरे म्हणायची सोय नव्हती, म्हणून अहो. त्यालाही तेव्हा ते आवडलं होतं. खात्यात तो सगळ्यांत कनिष्ठ; शिपाईसुद्धा त्याला 'ए, इकडे ये' म्हणायचा. दिवसभर एकेरी ऐकून घरी यायचं आणि कुणीतरी दारात 'अहो' म्हणायचं, यात छाती दोन बोटं पुढे यायची. मग आई गेली, आत्या गेली, दोघं या खोल्यांत आले, आणि एकदा सुट्टीच्या दिवशी तो म्हणाला होता, आता अरे म्हण की. तिनं प्रयत्न केला. "अरे—" म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "नाही बाई. दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारल्यासारखं वाटतं." तेव्हा तोही हसला होता. ते वाक्य इतकी वर्षं घरात एखाद्या फुलदाणीसारखं निरुपद्रवी पडून होतं. आता त्यानं ते उचललं आणि उलटं करून पाहिलं. दुसऱ्याच कुणाला. म्हणजे कुणाला? मराठीत देवाला एकेरी, आईला एकेरी, मांजराला एकेरी, मित्राला एकेरी. लेक वसतिगृहातून फोन करते तेव्हा ती देखील 'ए बाबा' म्हणते. दुकानात चोरी सापडली की त्याच्या स्वतःच्या तोंडातलं 'अहो शेठ' गळून पडायचं आणि 'अरे, काढ ते पारड्याखालचं चुंबक' असं आपोआप निघायचं. म्हणजे चोरालासुद्धा एकेरी मिळते. सगळ्या जगाला मिळते. वगळलेला एक नवरा. त्याला दारात, पाटीखाली, चपला काढायच्या जागी उभं करून ठेवायचं आणि म्हणायचं, अहो.

हा मूर्खपणा आहे हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण मत्सराला कळून काय उपयोग. तो पोटात एका जागी बसून राहतो आणि जे येईल ते खातो. दांड्या प्लॉटवर नकाशा दाखवायला आला, तर त्याचे दंड दिसले. दांड्यानं पाण्याची बाटली तोंडाला न लावता प्यायली आणि बायकोनं ती तशीच त्याच्याकडून घेऊन प्यायली, तर तेही दिसलं. दांड्या म्हणाला, "मुंगे, खिडकी इथं घेऊ का? तुझ्या उंचीला बरी पडेल," आणि तिनं टाचा उंच करून हवेतल्या खिडकीतून बाहेर पाहिलं. नुसत्या हवेतून. तिच्या चेहऱ्यावर त्या नसलेल्या खिडकीतला उजेड पडलेला त्यानं पाहिला. दांड्याला बायको होती, तिच्या दुखणाऱ्या गुडघ्यांबद्दल तो दोन वाक्यं बोललाही होता. त्यानंही काही फरक पडला नाही. कुणी काही करेल याची भीती त्याला नव्हतीच. जे झालं ते आधीच होऊन गेलं होतं, तो तिला भेटायच्या आधी, एका शाळेच्या मागच्या भिंतीपाशी, आणि तिथं निरीक्षक म्हणून जायची काही सोय नव्हती.

दरम्यान हो-साहेबाचं वजन त्याच्या मनात वाढू लागलं. हा कंत्राटदार त्यांनी आधी पाहिला होता आणि दोघांनी एकमतानं बाद केला होता. त्याला काही विचारा, तो 'हो साहेब' म्हणायचा. घर उन्हाळ्यात गार राहील ना? हो साहेब. थंडीत ऊबदार? हो साहेब. पाया खोल घेणार की उथळ? हो साहेब. त्यानं बांधलेल्या घराच्या पायऱ्या एकसारख्या नव्हत्या. बायको चढताना ठेचकाळली होती. दाराची चौकट ओळंब्यात नव्हती, हे तर त्याच्या निरीक्षकाच्या नुसत्या नजरेनं सांगितलं होतं. आता तो स्वतःशी म्हणू लागला, चौकट किंचितच कललेली होती. पायऱ्यांचं काय, पाय शिकतात. माणूस नम्र आहे. बायकोला वहिनी म्हणतो आणि बोलताना जमिनीकडे बघतो. अशा माणसानं बांधलेल्या घरात कुठल्या भिंतीवर हात ठेवला तर तो भिंतीवरच पडेल, बायकोच्या कुठल्या आठवणीवर नाही. आयुष्यातलं एकच घर, पुन्हा बांधायची ताकद दोघांतही उरणार नाही, हे ठाऊक असून तो कललेल्या चौकटीच्या बाजूनं झुकत होता.

तरी चौकशी करायची म्हणून तो गेला. खरं म्हणजे खोट काढायला गेला. दांड्यानं बांधलेलं एक घर दूर नव्हतं. त्यात एक निवृत्त नर्सबाई एकट्या राहत. त्यानं वजन काढलं आणि भिंतींवर ठोकत हिंडला. ठक, ठक, ठक. कुठंही पोकळ आवाज नाही. मोऱ्यांचे उतार बघितले, दारं उघडली, मिटली, जिन्याखाली वाकून हुंगलं. "ओल येते का?" "नाही." "तडे?" "नाही हो." "कामावर यायचा का वेळेवर?" "माझा डोळा उघडायच्या आधी यायचा." "काहीतरी असेलच की, बाई. माणूस म्हटला की—" नर्सबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. आयुष्यभर रोग नसलेले रोगी बघितलेली ती नजर होती. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून पाडून घेऊ का एखादा तडा?" मग त्यांनी चहा दिला आणि झोपायच्या खोलीतली खिडकी दाखवली. ती नेहमीपेक्षा खाली होती. पडल्या पडल्या रस्ता दिसायचा. "मी सांगितलं नव्हतं. त्यानंच विचारलं, बाई, तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता?" चहाचा कप घ्यायला त्यानं मुठीतलं वजन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. कुठल्या कुशीवर झोपता. म्हणजे हे तो सगळ्यांनाच विचारतो. म्हणजे हे तो तिलाही विचारणार. मुंगे, तू कुठल्या कुशीवर झोपतेस? आणि ती सांगणार, डाव्या. प्लॉटवर, मजुरांसमोर, सहज. त्याला ते माहीत होतं. ती डाव्या कुशीवर झोपायची, भिंतीकडे तोंड करून, आणि इतकी वर्षं तो तिच्या पाठीचा मणका न मणका ओळखत होता. हीही एक त्याची वस्तू होती. "उत्तम काम आहे," तो नर्सबाईंना म्हणाला, कारण दुसरं काही म्हणायला जागाच नव्हती, आणि इतक्या घाईनं बाहेर पडला की रस्त्यावर आल्यावर हातात उगाच बशी तर आली नाही ना म्हणून त्यानं हात बघितले.

नंतर चार-पाच दिवस गेले. चाळ्याला हात खिशात जायचा, वजन नसायचं; कुठल्या तरी दुकानाच्या पारड्यात राहिलं असेल, असं त्यानं धरलं. करारावर सही करायची वेळ जवळ आली. संध्याकाळी ती दिव्याखाली त्याच्या शर्टाचं बटण लावत बसली होती आणि टेबलावर हो-साहेबाचा करार होता. त्यानंच तो परस्पर मागवला होता. तिनं कागद पाहिला, त्याच्याकडे पाहिलं, आणि काही विचारलं नाही. त्याला विचारलेलं हवं होतं. म्हणून तोच म्हणाला, "तुझ्या मित्राचं काम पाहून आलो."

"हो? कसंय?"

"दिसायला झकास आहे. पण भिंतीला ओल आहे."

"कुठल्या भिंतीला?"

"न्हाणीघरामागच्या. हात लावला तर गार. पोपडे निघालेत." शब्द सोपे होते, एकामागून एक येत होते. इतकी वर्षं दुकानदारांकडून ऐकलेल्या थापांची सगळी लय त्याच्या तोंडात तयार होती. ती हळूच खोकली. त्याला वाटलं, सुताचा कण घशात गेला असेल.

"आणि त्या बाई काय म्हणाल्या?"

"बिचाऱ्या काय बोलणार! फसलो म्हणाल्या. दिसायला गोड आहे पण दांडी मारतो, म्हणाल्या." तो विनोद शेवटी वापरता आला याचं त्याला त्याही घटकेला बरं वाटलं.

ती पुन्हा खोकली. मग दोरा दातानं तोडला. "अहो, तुम्ही नीट पाहिलंत ना?"

"माझं कामच आहे ते."

शर्टाची घडी घालून ती उठली आणि आत गेली. कपाटाचं दार कुरकुरलं. परत आली तेव्हा तिनं करारावर काहीतरी ठेवलं, आणि कागदाला छोटासा ठक असा आवाज झाला.

"हे विसरलास तिथं."

आधी त्याला तो 'स' ऐकू आला. मग वजन दिसलं. पितळेचं, कडेला घासून पिवळं झालेलं, सरकारी शिक्क्याचं. असं वजन त्यानं कितीतरी लोकांसमोर ठेवलं होतं आणि त्यांचे चेहरे कसे होतात ते त्याला पाठ होतं. आता तो चेहरा आतून कसा असतो ते कळत होतं. कानशिलं तापली होती. आणि त्या तापाखाली, कुणाला सांगू नये अशा ठिकाणी, त्याला आनंद झाला होता. विसरलास. तिनं त्याला तू म्हटलं होतं.

"बाईंचा फोन आला होता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुमचे हे खिडकीत काहीतरी ठेवून गेलेत म्हणून. मी जाऊन आणलं. त्या घरात कुठंच ओल नाही, आणि न्हाणीघरामागे तर जिना आहे. आणि तू त्यांना उत्तम काम आहे म्हणून सांगून आलास. मी रोज वाट बघत होते, तू आपणहून सांगशील म्हणून. आत्तासुद्धा दोनदा खोकले. का खोटं बोललास?"

पकडलेला दुकानदार अशा वेळी मुलाबाळांच्या गोष्टी सांगतो. त्याला काहीच सुचेना, म्हणून त्यानं खरं सांगितलं. "तू त्याला अरे म्हणतेस."

"काय?"

"त्याला अरे म्हणतेस. मला अहो."

ती हसेल असं त्याला वाटलं. हसली असती तर सुटला असता. ती खुर्चीवर बसली. "एवढ्यासाठी तू कललेल्या घरात राहणार होतास? मला ठेवणार होतास? जन्मभर त्या पायऱ्यांवर ठेचकाळत?"

"तेव्हा, लग्नानंतर, तू एकदा अरे म्हणायला गेलीस. आणि म्हणालीस, दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखं वाटतं. कुणाला?"

तिला ते आठवायला वेळ लागला. तो वेळ तो मोजत नव्हता, पण प्रत्येक क्षण त्याच्या पारड्यात पडत होता.

"कुणाला म्हणजे? सगळ्यांनाच. भाऊ, वर्गातली मुलं, दूध टाकणारा, सगळ्यांना अरेच म्हणत आले मी. तुला अरे म्हटलं असतं तर तू त्यांच्यातलाच एक झाला असतास." ती टेबलावरचं वजन बोटानं फिरवत होती. "नुसतं अहो, पुढं नाव नाही, काका नाही, शेठ नाही, असं जगात एकालाच म्हणत होते मी."

म्हणत होते. तो त्या क्रियापदाकडे बघत राहिला. त्याला म्हणायचं होतं, मग म्हण ना, पुन्हा म्हण. पण हे असं मागून घ्यायचं नसतं हे कळण्याइतकं तो आजच्या संध्याकाळी शिकला होता. बाहेर कुणीतरी सायकलला स्टँड लावला. ती उठली, हो-साहेबाचा करार दुमडून तिनं त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "हा परत कर. आणि दांड्याला फोन कर, उद्या कागद घेऊन ये म्हणावं."

"मी करू?"

"मग कोण? तूच."

दुसऱ्या दिवशी दांड्या आला. फोनवर त्याला काही सांगितलं गेलं नव्हतं, तरी तो जरा जपून बसला, खुर्चीच्या कडेवर. एकेक कलम त्यानं वाचून दाखवलं आणि जिथं समोरून शंका आली तिथं खोडून पुन्हा लिहिलं. सगळं चोख होतं. बायकोनं चहा आणला. कप ठेवताना ती कुणालाच हाक न मारता म्हणाली, गरम आहे. सकाळपासून हे असंच चाललं होतं. नळ बंद करायला हवा, जिन्यात कुणीतरी आहे. वाक्यांना माणूसच नव्हता. त्यानं किती वेळा कान दिला, पण ना अहो, ना अरे. शेवटच्या पानावर दांड्याचं पेन थांबलं. "साहेब, एवढं राहिलं बघा. आतल्या भिंती. एकेरी की दुहेरी?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती कागदावर वाकली होती, केसांची एक बट डोळ्यांवर आली होती.

"एकेरी," तो म्हणाला. "बोलणं ऐकू आलेलं बरं."

दांड्यानं तसं लिहिलं. कागदावरची नजर न काढता बायको म्हणाली, "बघ हं. नंतर बदलता येणार नाही."

"हो," दांड्या म्हणाला, आणि त्याच वेळी तोही म्हणाला, "हो."